मॅडलिन लायनिंगर : खाटेपासून अभ्यासक्रमापर्यंत



ही व्याख्यानमाला ज्या मेट्रनबाईंच्या स्मरणार्थ भरते, त्यांच्या हाताखाली मी घडले. त्यांच्याविषयी मी बोलणार आहेच, पण थोडं पुढे गेल्यावर. आजचा विषय एका अमेरिकन परिचारिकेची कारकीर्द हा आहे. नाव तुमच्या ओळखीचं आहे. नर्सिंगचे सिद्धांत शिकताना मॅडलिन लायनिंगर यांची ‘सनराइज’ आकृती तुम्ही वहीत काढली असेल. वर अर्धवर्तुळ, त्यात धर्म, नातेसंबंध, शिक्षण, पैसा, तंत्रज्ञान, आणि खाली परिचर्येच्या तीन वाटा. आकृती बिनचूक काढणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्या. ती काढायची वेळ लायनिंगरबाईंवर का आली, हे विचारलं की वर्ग गप्प होतो. ती शांतता मला फार वर्षं टोचत आली आहे.

नेब्रास्का राज्यातल्या सटन नावाच्या गावी, शेतकरी कुटुंबात, 1925 साली त्यांचा जन्म झाला. घरच्या नात्यातली एक स्त्री जन्मजात हृदयविकाराने आजारी असायची. तिच्या सहवासामुळे आपण या व्यवसायाकडे वळलो, असं त्या सांगत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत परिचारिकांचा तुटवडा पडला, तेव्हा सरकारने मुलींच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलणारी ‘कॅडेट नर्स कोअर’ ही योजना काढली. लायनिंगर तिच्यातून शिकल्या. 1948 मध्ये डेन्व्हरच्या सेंट अँथनी रुग्णालयाच्या शाळेतून पदविका, 1950 मध्ये कॅन्ससमधल्या महाविद्यालयातून पदवी, 1954 मध्ये वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठातून मानसोपचार परिचर्येत पदव्युत्तर शिक्षण. इथवरचा रस्ता कुठल्याही हुशार मुलीचा असतो तसाच आहे.

वळण आलं सिनसिनाटीत. तिथल्या विद्यापीठात त्यांनी बालमानसोपचार परिचर्येचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला आणि भावनिक अडचणी असलेल्या मुलांसाठीच्या एका निवासी केंद्रात त्या काम करू लागल्या. मुलं निरनिराळ्या घरांतली होती. कुणी अ‍ॅपलेशियन डोंगराळ भागातून आलेलं, कुणी आफ्रिकन-अमेरिकन, कुणी जर्मन वंशाचं. केंद्र एक, वेळापत्रक एक, उपचारपद्धती एक. पण जेवण, झोप, खेळ, मोठ्यांशी वागणं, जवळ घेतलेलं आवडणं न आवडणं, यांत प्रत्येक मुलाची तऱ्हा वेगळी. त्या काळी मनोविश्लेषणाचा मोठा दबदबा होता आणि लायनिंगर त्यात चांगल्या तयार झालेल्या होत्या. तरीही या मुलांचं वागणं त्या ज्ञानाच्या चौकटीत बसेना. आपण हतबल झालो होतो, असं त्यांनी पुढे मोकळेपणाने लिहिलं आहे.

हा क्षण आपल्या सगळ्यांच्या वाट्याला येतो. रुग्ण आपलं ऐकत नाही, आई बाळाला आपण सांगितलं तसं पाजत नाही, म्हातारा गोळ्या उशीखाली साठवतो. आपण काय करतो? केस शीटवर ‘सहकार्य करत नाही’ असं लिहितो आणि पुढच्या खाटेकडे वळतो. लायनिंगरनी तसा शेरा लिहून विषय मिटवला नाही. मार्गारेट मीड या विख्यात मानववंशशास्त्रज्ञ तेव्हा सिनसिनाटीला पाहुण्या प्राध्यापक म्हणून आलेल्या होत्या. परिचर्या आणि मानववंशशास्त्र यांचा काही संबंध असेल का, यावर दोघींचं बोलणं झालं. त्यानंतर लायनिंगरनी जे केलं, ते मला त्यांच्या सगळ्या पुस्तकांपेक्षा मोठं वाटतं. अभ्यासक्रम चालवणारी, पाठ्यपुस्तक लिहिणारी ही बाई 1959 मध्ये सिअ‍ॅटलला वॉशिंग्टन विद्यापीठात पुन्हा विद्यार्थिनी म्हणून बसली, आणि तेही दुसऱ्याच शास्त्राच्या वर्गात. पुढच्याच वर्षी चार्ल्स हॉफलिंग यांच्यासोबत लिहिलेलं त्यांचं मानसोपचार परिचर्येचं पुस्तक निघालं आणि अनेक भाषांत गेलं. म्हणजे आपल्या क्षेत्रात नाव होत असताना त्या नवख्यांच्या रांगेत उभ्या होत्या. ज्याला स्वतःच्या ज्ञानाची सीमा खरोखर दिसली आहे, त्यालाच हे जमतं.

मानववंशशास्त्रात पदवी घ्यायची तर क्षेत्रकार्य हवं. त्यासाठी त्या न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ प्रदेशात गॅडसप लोकांमध्ये जाऊन राहिल्या. दोन खेडी, जवळजवळ दोन वर्षं. वीज नाही, दवाखाना नाही, ओळखीचं माणूस नाही. परिचारिका म्हणून शिकलेलं तिथे काय उपयोगी पडतं, हे पाहण्यापेक्षा परिचारिका नसलेली माणसं एकमेकांची काळजी कशी घेतात, हे त्यांनी पाहिलं. पोसणं आणि वाढवणं, जवळून आणि लांबूनही नजर ठेवणं, निषेध पाळून अरिष्ट टाळणं, राखण करणं, स्पर्शाने धीर देणं. बायांची काळजी घेण्याची रीत एक, पुरुषांची दुसरी. पुरुष आजाऱ्याला भरवत नसेल, पण तो गावाच्या कडेला उभा राहून राखण करतो, आणि तीही त्या लोकांच्या लेखी काळजीच. आपल्या वॉर्डाच्या बाहेर, जिन्यात, पानपट्टीपाशी रात्ररात्र ताटकळणारे नवरे, भाऊ, दीर आठवा. ‘इथे गर्दी करू नका’ याखेरीज त्यांच्याशी आपण काय बोललो आहोत?

1965 मध्ये त्यांना सांस्कृतिक मानववंशशास्त्रात डॉक्टरेट मिळाली. ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या परिचारिका मानल्या जातात. इथून पुढे त्यांची कारकीर्द शिकवण्याची आणि संस्था उभारण्याची आहे. आजच्या व्याख्यानात मला जे सांगायचं आहे, ते या भागात आहे.

सालांचा क्रम पाहा. 1966 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात त्यांनी बहुसांस्कृतिक परिचर्येचा पहिला अभ्यासक्रम शिकवला. तिथे त्यांची नेमणूकच परिचर्या आणि मानववंशशास्त्र अशा दोन्ही विभागांत मिळून झाली होती. 1969 मध्ये त्या सिअ‍ॅटलला वॉशिंग्टन विद्यापीठाच्या परिचर्या विभागाच्या अधिष्ठाता झाल्या. 1974 मध्ये युटा विद्यापीठात अधिष्ठाता. त्याच वर्षी बहुसांस्कृतिक परिचर्येची संघटना स्थापन झाली. 1977 मध्ये युटात या विषयात पदव्युत्तर आणि डॉक्टरेटचे वर्ग सुरू झाले. 1978 मध्ये या शाखेचं पायाभूत पुस्तक. 1981 पासून डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात अध्यापन. 1989 मध्ये स्वतःच्या संपादनाखाली नियतकालिक. आणि सिद्धांताचं सविस्तर स्वतंत्र पुस्तक, ज्याच्या आकृतीवर आपण परीक्षा घेतो, ते निघालं 1991 मध्ये. पहिला अभ्यासक्रम आणि हे पुस्तक यांत 25 वर्षं गेली.

म्हणजे तास आधी आला, पद आधी आलं, विद्यार्थी आधी आले, संघटना आणि पदवी आधी आली. सिद्धांत या सगळ्यांच्या खांद्यावर बसून आला. आपल्याकडे उलटं होतं. सिद्धांत आयता येतो, त्याला 10 गुण मिळतात, आणि तो राबवायला ना तास असतो, ना माणूस, ना जागा. रुग्णाच्या रीतिभाती समजून घेणं ही चांगल्या स्वभावाची गोष्ट आहे, ज्या सिस्टरच्या अंगी असेल तिच्या असेल, असं आपण धरून चाललो. ते मला मान्य नाही. इंजेक्शन देणं आपण स्वभावावर सोडत नाही. ते शिकवतो, करून घेतो, तपासतो, चुकलं तर पुन्हा करायला लावतो. माणसाच्या घरची समज घेणं हेही तसंच कौशल्य आहे आणि ते तसंच शिकवावं लागतं. लायनिंगरना हे विशीत सुचलं नव्हतं. पण सुचल्यावर मात्र हातात आलेली प्रत्येक खुर्ची त्यांनी याच एका कामासाठी वापरली. नेतृत्व म्हणजे काय, हे मला त्यांच्या भाषणांपेक्षा या सालांच्या यादीतून जास्त कळलं. त्या 1995 मध्ये निवृत्त झाल्या. 1998 मध्ये अमेरिकन परिचर्या अकादमीने त्यांना हयातीतच ‘लिव्हिंग लेजंड’ हा मान दिला, आणि 2012 मध्ये ओमाहाला त्यांचं निधन झालं.

आता त्या तीन वाटा. लायनिंगर म्हणतात, रुग्णाच्या घरची रीत समोर आली की परिचारिकेपुढे तीन पर्याय असतात. रीत जपावी आणि तिला बळ द्यावं. तडजोड करून ती दवाखान्यात बसवून घ्यावी. किंवा, ती घातक असेल तर, माणसाचा मान राखून ती बदलायला त्याला मदत करावी. पुस्तकात हे फार कोरडं वाटतं. बाळंतिणीच्या खोलीत आणून ठेवा. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतिणीला मिळणारी सव्वा महिन्याची विश्रांती, हे जपायचं. अंगाला शेक हवाच असेल तर धूर न करणारा आणि बाळापासून लांब. ही झाली तडजोड. आणि चीक पिळून टाकणं, नाळेला राख किंवा शेण लावणं, नवजात बाळाला मध चाटवणं, मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्याच्या पोटावर तापल्या लोखंडाने चटके देणं, हे बदललंच पाहिजे. मधातून बाळाच्या पोटात जाणाऱ्या जीवाणूमुळे लकव्यासारखा आजार होऊ शकतो. शेणातून धनुर्वात होतो. इथे परंपरेचा आदर म्हणून गप्प बसणारी परिचारिका आपलं काम सोडते. पण बदल कुणाच्या तोंडून आणि कुठल्या सुरात सांगितला, यावर तो घरापर्यंत पोहोचेल की नाही हे ठरतं.

आमच्या मेट्रनबाईंचा एक प्रसंग इथे सांगते. तेव्हा त्या प्रसूतिपश्चात वॉर्डाच्या सिस्टर-इन्चार्ज होत्या आणि मी त्यांच्याकडे नवी होते. सिझेरियन झालेली एक बाई, बाळंत होऊन पाचवा दिवस. संध्याकाळच्या राउंडला तिच्या खाटेखाली फडक्यात गुंडाळलेला विळा सापडला. शेजारी हळदीकुंकवाची पुडी, पानसुपारी, कोरा कागद आणि पेन. त्या रात्री सटवाई येऊन बाळाचं भविष्य लिहिते, म्हणून आजीने सगळी तयारी करून ठेवली होती. आमच्यातली एकजण ओरडणार, इतक्यात बाईंनी तिला हाताने थांबवलं. त्या आजीपाशी खाली बसल्या. “आई, पूजा करायचीय ना? विळा खाटेखाली नको, सफाईवाल्या मावशींच्या हाताला लागेल. लॉकरवर कागद अंथरून देते, तिथे मांडा. फक्त दिवा नको. पलीकडे ऑक्सिजनचा सिलिंडर आहे, ठिणगी पडली तर सगळ्या लेकरांना धोका.” आजीने दिव्यावाचून पूजा केली. बाईंनी स्वतः कुंकू वाहिलं.

आणि मग, अर्ध्या तासाने, आजी आपणहून ड्युटी टेबलापाशी आल्या. बाळाला कालपासून जन्मघुटी आणि थेंबथेंब मध चालू आहे, सून दूध कमी येतं म्हणून रडते, हे त्यांनी सांगितलं. सकाळी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्याच आजींनी ‘अंगावरच पाजतो’ असं ठाम उत्तर दिलं होतं. बाईंनी मध बंद करवला, सुनेला जवळ बसवून बाळ छातीशी कसं धरायचं ते दाखवलं, रात्रभर दर दोन तासांनी येऊन पाहिलं. सकाळी आम्हा मुलींना त्यांनी एवढंच सांगितलं, की हिस्टरी विचारून मिळत नाही, सांगावीशी वाटली तर मिळते. बाईंनी लायनिंगर वाचल्या नव्हत्या. त्यांनी त्या संध्याकाळी एकाच खाटेपाशी तिन्ही वाटा वापरल्या, आणि त्यातून जी माहिती मिळाली ती निव्वळ वैद्यकीय होती. म्हणून मी म्हणते, हा सौजन्याचा विषय नाही. बाळाच्या पोटात काय जातंय हे कळण्याचा विषय आहे.

बाई निवृत्त झाल्या आणि त्या वॉर्डातली ही पद्धत त्यांच्याबरोबर गेली. कारण ती कुठेच लिहिलेली नव्हती. लायनिंगरचं मोल मला तेव्हा कळलं.

पण लायनिंगर यांच्यापाशी थांबून चालणार नाही. त्यांच्या विचारावर सर्वांत नेमकी टीका न्यूझीलंडमधून, एका माओरी परिचारिकेकडून आली. त्यांचं नाव इरिहापेटी रॅम्सडेन. 1980 च्या दशकाच्या अखेरीस, माओरी परिचारिका आणि विद्यार्थिनींच्या विचारमंथनातून ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ ही कल्पना पुढे आली आणि रॅम्सडेन यांनी तिला आकार दिला. कायद्याची सुरक्षितता, उपचारांची सुरक्षितता आपण शिकवतो, मग माझ्या संस्कृतीच्या सुरक्षिततेचं काय, असा एका माओरी विद्यार्थिनीचा प्रश्न त्यामागे होता. 1992 मध्ये न्यूझीलंडच्या परिचर्या परिषदेने हा विषय परिचारिकांच्या शिक्षणात सक्तीचा केला. त्यावर तिथल्या वर्तमानपत्रांत आणि संसदेत मोठं वादळ उठलं. रॅम्सडेन त्याला सामोऱ्या गेल्या. त्यांचं म्हणणं असं, की रुग्णाच्या चालीरीतींची माहिती गोळा करणाऱ्या परिचारिकेने आधी स्वतःकडे पाहावं. तिच्या हातात सत्ता आहे. दार उघडायचं की नाही, किती वेळ थांबवायचं, कुणाशी कुठल्या आवाजात बोलायचं, हे ती ठरवते. आणि मिळालेली सेवा सुरक्षित होती की नाही, हा निवाडा रुग्णाचा.

माझ्या मते महाराष्ट्रात हा मुद्दा लायनिंगरपेक्षाही निकडीचा आहे. आपल्याकडे ‘संस्कृती’ म्हटलं की सण, ओव्या, खाणंपिणं आठवतं. जात आठवत नाही. कुठल्या खाटेवरच्या बाईला ‘अहो ताई’ आणि कुठल्या खाटेवरच्या बाईला ‘ए, सरक’ म्हटलं जातं, हे आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. पारधी वस्तीवरून आलेल्या बाईच्या पिशवीकडे आधी संशयाने पाहिलं जातं आणि मग तिच्या पोटदुखीकडे. तिच्या चालीरीतींचा तक्ता पाठ करून हे सुटणार नाही. तिच्यासमोर उभ्या असलेल्या आपल्याला तपासावं लागेल.

आपल्या व्यवसायाचा इथला इतिहासही हेच सांगतो. 1909 मध्ये पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदन उभं केलं आणि तिथून हिंदू घरांतल्या मुली, विधवा ससून रुग्णालयात परिचर्या शिकायला जाऊ लागल्या, तेव्हा परक्या पुरुषाच्या, परजातीच्या माणसाच्या अंगाला हात लावणं हाच मुख्य अडसर होता. तो ओलांडणाऱ्या त्या पहिल्या मुलींनी आजाऱ्याची सेवा तर केलीच, आपल्या घरची रीतही बदलली. परिचारिकेची स्वतःची संस्कृती प्रत्येक खाटेपाशी तिच्याबरोबर येते, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पुढे मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत केरळहून आलेल्या सिस्टर्सनी रात्रपाळ्या करत, बाळंतिणींकडून आणि मावशींकडून मराठी शिकून घेतली. ‘कळ येते का?’, ‘चमक निघते का?’, ‘भरून आल्यासारखं वाटतं का?’ हे त्या आपल्या मुलींपेक्षा सफाईने विचारत. त्यांच्या या कष्टाला कुठल्याही सेवापुस्तकात एक ओळ मिळाली नाही.

आणि आपल्याच राज्यात, गडचिरोलीत, एक मोठा धडा उभा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दवाखाना बांधण्याआधी आदिवासींनाच विचारलं, तुम्हाला तो कसा हवा? मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहता यावं, आपल्या गावासारखं असावं, असं लोकांनी सांगितलं. पांढऱ्या कपड्यांचीही त्यांना धास्ती होती, कारण पांढऱ्यात ते मृतदेह गुंडाळतात. शोधग्राममधला दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. याच संस्थेने गावातल्या बायांना ‘आरोग्यदूत’ म्हणून शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, त्या गावांतल्या नवजात बालमृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटल्याचं नोंदलं आहे. बाळाला ऊब देणं, जंतुसंसर्ग वेळीच ओळखणं, इंजेक्शन देणं, हे सगळं शास्त्र होतं. ते घराच्या आत पोहोचलं, कारण नेणारी बाई त्याच गावची, तीच बोली बोलणारी होती. परिचर्येचं शिक्षण देणाऱ्या प्रत्येक संस्थेने तिथे विद्यार्थी पाठवावेत, आणि शिकवायला नव्हे, शिकायला पाठवावेत, असं मला मनापासून वाटतं.

ट्यूटर मंडळी मला नेहमी विचारतात, बाई, एका पाळीत चाळीस-चाळीस रुग्ण असताना हे करायचं कधी? प्रश्न खरा आहे. माणसं कमी आहेत आणि ती वाढवा ही मागणी आपण थांबवता कामा नये. तोवर जे आपल्या हातात आहे तेवढं सांगते.

पहिल्या वर्षाच्या समाजशास्त्राचा विषय आज फळ्यापाशी संपतो. तो वॉर्डात आणा. प्रत्येक मुलीने एका रुग्णाला चार गोष्टी विचाराव्यात : हा आजार कशामुळे झाला असं तुम्हाला वाटतं? दवाखान्यात येण्याआधी काय केलं? घरात निर्णय कोण घेतं? इथे तुम्हाला कशाची भीती वाटते? आर्थर क्लाइनमन या मानसोपचारतज्ज्ञाने सहकाऱ्यांसह 1978 मध्ये अशाच प्रश्नांची एक मालिका मांडली होती आणि जगभर ती वापरली जाते. विचारायला पाच मिनिटं लागतात. उत्तर रुग्णाच्याच शब्दांत लिहायचं, आपल्या शब्दांत सुधारून नाही. दुसरं, पाळी बदलताना ओव्हर देतो तेव्हा सलाईन, ड्रेसिंग, युरीन आउटपुट यांच्यापाठोपाठ एक वाक्य याचंही यावं. ‘खाट नंबर 12, माडिया बोलतात, मोठ्या जावेला विचारल्याशिवाय काही घेणार नाहीत, जाऊ उद्या सकाळी येणार.’ एवढं वाक्य रात्रपाळीच्या सिस्टरचे दोन तास वाचवतं. तिसरं, प्रात्यक्षिक परीक्षेत याला गुण द्या. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनी रुग्णालाच विचारावं, ही मुलगी तुमच्याशी कशी वागली? आणि त्या उत्तराला वजन द्यावं. हे मी सुचवलं तेव्हा काही जण म्हणाले, रुग्ण काय परीक्षा घेणार? मी म्हणते, तोच घेऊ शकतो.

या महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी येत्या सत्रापासून पहिल्या वर्षाच्या वॉर्डातल्या वह्यांमध्ये या चार प्रश्नांचं पान घालायचं ठरवलं आहे. पान तपासायला ट्यूटर नेमल्या आहेत, त्यांच्या वेळापत्रकात त्याचा तासही धरला आहे. पहिल्या तुकडीच्या वह्या वाचायला मला बोलावलं आहे आणि मी येणार आहे.